तुमच्या दोन सह्या

तुमच्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलत आहेत की मला संशय यायला लागला आहे.

तुम्हाला जाऊन पस्तीस दिवस झाले. दिवसकार्य आटोपलं, अजित ऑस्ट्रेलियाला परत गेला, तरी माणसं येतच आहेत. सकाळी दहाला आपल्या माळमड्डीच्या घरात पहिली चप्पल व्हरांड्यात उतरते आणि एकच्या सुमाराला शेवटची निघते. येणारा प्रत्येक जण आधी तुमच्या फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, "साहेबांनी कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही." सगळ्यांचं वाक्य हेच. कॉलेजात शिकवत असताना, पेपर तपासताना चार मुलींनी एकच वाक्य लिहिलेलं दिसलं की मी पेन खाली ठेवत असे. तसंच झालं.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत मीरा आणि ईशान. निघताना अजित म्हणाला, "आई, बाबांबद्दल मुलांसाठी काहीतरी लिही. पेपरात आलंय ते त्यांना कळत नाही." पेपरात आलंय ते मलाही फारसं कळलं नाही. आधी डॉक्टर, मग कुलगुरू, मग आमदार, अशा तीन पायऱ्या आणि सगळ्यांत वर तुम्ही हात जोडून उभे. त्या माणसाशी माझी ओळख नाही. माझी ओळख आहे ती सकाळी पेपर वाचताना चहाच्या कपात बिस्किट बुडवून विसरणाऱ्या माणसाशी. मुलांना समजावं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही इथे पुन्हा येतील. ऐकून घ्या. तुमची भाषणं मी ऐकून घेतली आहेत.

मुलांना मला एकच गोष्ट नीट सांगायची आहे, ती म्हणजे सुनंदाच्या नोकरीचं काय झालं. तुम्ही होतात तोवर ती सांगता आली नाही, कारण तुम्ही ती एका तऱ्हेने सांगायचात आणि मी दुसऱ्या.

सुनंदाआत्या मुलांना फोटोपुरती माहीत. ती माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. अक्काचे यजमान लवकर गेले, आणि सुनंदा आठवीपासून एम.ए. होईपर्यंत आपल्याकडे वाढली. जेवणाच्या टेबलावर मी तिला इंग्रजी शिकवायची. तुम्ही सकाळी मेडिकल कॉलेजात शिकवायचात, संध्याकाळी हुबळीचा दवाखाना करायचात, आणि घरी आल्यावर तिच्या मनगटावर बोटं ठेवून म्हणायचात, "आज व्याकरण चाललेलं दिसतंय. नाडी जलद आहे." ती खिदळायची. माझ्या विनोदांना ती कधी तशी हसली नाही. अर्थात मी विनोद करत नव्हते.

तिला एम.ए.ला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा तुम्ही कुलगुरू होतात. हुबळीच्या एका कॉलेजात इंग्रजीच्या लेक्चररची जागा निघाली. शिफारशींची मला चीड होती, ते तुम्ही जाणत होतात. तुमच्याजवळ मी आयुष्यात एकच शिफारस मागितली, ती ही.

जागा तिला मिळाली नाही. जवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात ती लागली, बाहेर जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करायला. आणि हळूहळू आपल्याकडे यायची बंद झाली. आधी दर रविवारी यायची, मग फक्त दिवाळीला, मग दिवाळीचा फोन. पुढच्याच वर्षी तुम्ही पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेला उभे राहिलात, आणि मी हिशेब जुळवला. कुलगुरूंनी बायकोच्या भाचीला चिकटवलं, असं सभेत कुणी म्हणायला नको, म्हणून तुम्ही आतून नको असं कळवलं असणार. अठ्ठावीस वर्षं मी हेच धरून बसले.

मी विषय काढला की तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "पत्र तू लिहिलंस. मी सही केली. आणखी काय करायचं होतं मी?"

"मनापासून करायची होती."

"सही मनापासून कशी करतात, ते तुमच्या इंग्रजी व्याकरणात कुठल्या पानावर आहे?"

मग तुम्ही रक्तदाबाची गोळी मागायचात आणि वाद संपायचा. संपायचा म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत.

दहाव्या दिवशी सुनंदा आली. केस बरेच पांढरे झालेत तिचे. मागच्या खुर्चीवर बसली, अजितशी बोलली, फोटोला नमस्कार केला आणि चहा न घेता निघाली. जाताना तिने माझा हात धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हटलं, हे यांच्यामुळे. तुम्हाला जाऊन दहाच दिवस झाले होते आणि मी तुमच्याशी पुन्हा भांडत होते.

आता पत्रांचं सांगते. तेराव्यानंतर दोन दिवसांनी कलघटगीहून एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. तुमचं पत्र. कुलगुरूंच्या कागदावर, टाइप केलेलं, इंग्रजीत.

"बदलीसाठी दिलं होतं साहेबांनी. एवढं मोठं. आमच्या हेडमास्तरांनी सगळ्या स्टाफला वाचून दाखवलं."

"बदली झाली का?"

"बदली नाही झाली," मास्तर म्हणाले. "ते आमचं नशीब. पत्र मात्र दिलं."

त्याच सकाळी तारिहाळहून एक बाई आल्या. त्यांच्या नवऱ्याला तिथल्या एका वर्कशॉपमध्ये कायम करायचं तुम्ही बघितलं होतं. मी विचारलं, पत्र आहे का? त्या लाजल्या. "पत्र कुठलं, चिठ्ठी होती. दोन ओळी, कन्नडात. मालकांनी ठेवून घेतली."

मग मी येईल त्याला विचारायलाच लागले. काम झालं का, आणि पत्र कसं होतं. शोक करायला आलेल्या माणसांची अशी तपासणी करू नये, हे मला कळत होतं. एक-दोघं माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघायलाही लागले. पण चार-पाच दिवसांत दिसायचं ते दिसलं. ज्यांच्याकडे टाइप केलेलं इंग्रजी पत्र आहे, त्यांची कामं झालेली नाहीत. ज्यांची कामं झाली, त्यांच्याकडे दाखवायला काही नाही.

आणि ती सगळी इंग्रजी पत्रं माझी आहेत.

हे मुलांना ठाऊक नाही. तुमचं इंग्रजी डॉक्टरांचं होतं, तुटक आणि घाईचं. कुलगुरू झालात त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही एका पत्राचा मसुदा माझ्यापुढे टाकलात आणि म्हणालात, "हे जरा माणसांत आण." तेव्हापासून आमदारकी संपेपर्यंत तुमची इंग्रजी पत्रं मीच लिहिली. दुपारी कॉलेजातून आले की टाइपरायटरवर बसायची. आलेल्या माणसाची माहिती विचारून घ्यायची, त्याच्यात खरोखर काय चांगलं आहे ते शोधायची आणि तेच लिहायची. खोटं एक अक्षर नाही. कलघटगीच्या मास्तरांबद्दल मी लिहिलं होतं की पावसाळ्यात ओढा ओलांडून वेळेवर येणारा शिक्षक शाळेला सहज मिळत नाही. लॅमिनेटच्या खाली ते वाक्य अजून चांगलं दिसतं.

मी हिरेमठांना बोलावून घेतलं. हिरेमठ दवाखान्यात तुमचे कंपाउंडर होते, मग तुम्ही जिथे गेलात तिथे तुमचे पी.ए. झाले. तुमच्या बऱ्याच चिठ्ठ्या आणि पत्रं तेच पोचवायचे. आता गुडघे दुखतात त्यांचे, तरी आले. चहा झाल्यावर मी विचारलं, "हिरेमठ, इंग्रजी पत्र नेणाऱ्याचं काम का होत नसे?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "अम्मावरे, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"काय?"

"तुम्हीच टाइप करत होता. मी समजलो, तुम्हाला माहीत असणार."

मग त्यांनी सांगितलं. पद्धत दवाखान्यातली होती. सकाळच्या बसने खेड्यातून एखादा माणूस यायचा. त्याला काही झालेलं नसायचं, पण तसं सांगून परत पाठवलं तर तो दुसरीकडे जाऊन नको ती इंजेक्शनं टोचून घ्यायचा. म्हणून त्याला लाल औषध द्यायचं. गोड, बिनअपायाचं, मोठ्या बाटलीत, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून. खरा आजारी असेल त्याला छोटी पुडी आणि चिठ्ठीवर दोन ओळी. मोठी बाटली म्हणजे काही झालेलं नाही, हे फक्त तुम्हाला आणि हिरेमठांना ठाऊक.

"कुलगुरू झाल्यावर दारात रोज रांग," हिरेमठ म्हणाले. "नाही म्हटलं तर माणूस तुटतो. सगळ्यांना हो म्हटलं तर कुणाचंच होत नाही. मग साहेबरांनी ठरवलं. ज्याचं खरोखर करायचं त्याला ते हाताने कन्नडात लिहिणार, सही कन्नडात. बाकीच्यांना इंग्रजी पत्र, इंग्रजी सही. कॉलेजांच्या सेक्रेटरींना, ऑफिसांत, सगळीकडे मीच कळवून आलो होतो."

"म्हणजे माझी पत्रं लाल औषध होती."

"हौद्रि, अम्मावरे." हो म्हणून ते ओशाळले, आणि माझं समाधान व्हावं म्हणून म्हणाले, "पण लोकांना फार आवडायची."

मी त्यांना आणखी चहा विचारला. त्यांनी नको म्हटलं. माझं तुमच्या फोटोकडे लक्ष गेलं, आणि मला सुनंदाच्या पत्राची दुपार आठवली. इतकी वर्षं ती मला वेगळीच आठवत होती.

सुनंदासाठी काहीतरी लिहून द्या, असं मी म्हटल्यावर तुम्ही जेवणावरून उठलात, हात धुतलात आणि औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर उभ्याउभ्याच लिहिलंत. 'ई हुडगी नम्माकी. नोड्रि.' ही मुलगी आमची आहे, बघा. खाली तुमची कन्नड सही. मला संताप आला. मी म्हटलं, "गाय बाजारात पाठवताय का? कुठल्या कुठल्या माणसांसाठी मी पानभर लिहिते आणि आपल्या मुलीसाठी ही चिठ्ठी?"

"चिठ्ठी पुरे आहे," तुम्ही म्हणालात.

"मला पुरे नाही."

तुमच्या देखत मी ती फाडली. मग दुपारभर बसून सुनंदाचं पत्र लिहिलं. तीनदा टाइप केलं, कारण दोनदा एकेक शब्द मनासारखा बसला नव्हता. मी आयुष्यात लिहिलेलं सर्वांत चांगलं इंग्रजी त्या पानावर होतं, असं मला आजही वाटतं. तुम्ही ते दोनदा वाचलंत. पेनचं टोपण काढून हातात धरलंत आणि विचारलंत, "हेच पाठवायचं?"

"हेच."

तुम्ही इंग्रजीत सही केलीत.

म्हणजे नोकरी मी घालवली. अठ्ठावीस वर्षं ज्याच्यासाठी तुम्हाला बोलले, ते काम माझ्या हातांनी झालं होतं. हे मान्य करायला मला एक संध्याकाळ लागली, जास्त नाही. पण तेवढ्यावर मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्हाला ठाऊक होतं. पेन हातात धरून तुम्ही एक वाक्य बोलायचं होतं: अगं, इंग्रजी पत्राचा अर्थ वेगळा होतो. ते वाक्य तुम्ही का नाही बोललात?

मी हिरेमठांना हेही विचारलं की सुनंदाचं पत्र कॉलेजात त्यांनीच नेलं होतं का.

"मीच. मी साहेबरांना विचारलंही होतं. म्हटलं, हे घरचं पत्र, आणि इंग्रजीत आहे, चालेल ना? ते गाडीत बसत होते. म्हणाले, 'इरली बिडु.'"

असू दे, सोड. मुलांसाठी अर्थ सांगितला. पण अर्थ मला पुरत नाही. "कसे म्हणाले?" मी विचारलं. "रागाने, की हसून?"

"गाडीत बसताना माणूस कसा म्हणतो, तसे," हिरेमठ म्हणाले. याहून जास्त त्यांच्याकडून निघेना.

त्या दोन शब्दांभोवती मी आठवडाभर फिरते आहे. कधी वाटतं, निवडणूक तुमच्या डोक्यात होतीच, आणि मी चिठ्ठी फाडून तुमची सोय केली. तुम्हाला नाही म्हणावंच लागलं नाही, बायकोनेच म्हटलं. कधी वाटतं, मला सांगायचं तर तुम्हाला सगळंच सांगावं लागलं असतं. दुपारमागून दुपार मी माणसांचे गुण शोधून लिहीत होते आणि तुम्ही त्या कागदांनी त्यांना परत पाठवत होतात, हे तुम्ही मला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा सुनंदाची नोकरी गेलेली बरी, असं तुम्ही त्या गाडीच्या दारात ठरवलंत का? आणि कधी वाटतं की तुम्ही नुसते दमला होतात. हे तिसरं मला सर्वांत जास्त आवडतं, म्हणून त्याच्यावर मी सर्वांत कमी विश्वास ठेवते.

संशयाचं असं आहे की तो एका खोलीत राहत नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा तुम्ही तो वाचून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "साधी गाठ आहे. आज पिठलं कर." मी पिठलं केलं. तुम्ही दोनदा मागून घेतलंत. हिरेमठ गेल्यानंतर मी तुमचं कपाट उघडून तो रिपोर्ट शोधून काढला. सगळा इंग्रजीत होता, आणि गाठ खरोखरच साधी होती. मला लाज वाटली. मग आठवलं की रिपोर्ट यायच्या आधीचे चार दिवस तुम्ही जेवत नव्हतात, पचन बरं नाही म्हणत होतात. तुमचं पचन आयुष्यभर उत्तम होतं. म्हणजे ते चार दिवस तुम्ही मला फसवत होतात, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. अशा माणसाचं काय करायचं, ते कुणी मला सांगावं.

तुमच्याकडून उत्तर मिळायचं नव्हतं. सुनंदाला सांगणं मात्र माझ्या हातात होतं. तिने अर्धं आयुष्य कुणावर राग धरला असेल तर तो योग्य माणसावर असावा. गेल्या रविवारी सकाळी रिक्षा करून मी तिच्याकडे गेले. बेलूरच्या रस्त्याला नव्या वसाहतीत राहते. तिचे यजमान बाजारात गेले होते. ती पायरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"एवढ्या लांब कशाला आलीस, मावशी? फोन करायचा."

"फोनवर सांगायचं नव्हतं."

मी क्रमाने सगळं सांगितलं. चिठ्ठी, ती फाडली ते, माझं पत्र, तुमची सही, हिरेमठ. ती सोलत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"मुलाखतीतच कळलं. सेक्रेटरींनी पत्र उघडलं आणि शेजारच्याला म्हणाले, कुलगुरूंनी इंग्रजीत लिहिलंय. दोघं हसले. मी समोर बसले होते." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तशीच उठून काकांच्या ऑफिसात गेले. त्यांनी मला खरं ते सांगितलं. म्हणाले, चूक माझी आहे, मी बोलायला हवं होतं. दुसरी चिठ्ठी लिहून दिली, ती या कारखान्याची. दोन ओळी, कन्नडात. आणि म्हणाले, मावशीला कळू देऊ नकोस. पत्र तिने फार जीव लावून लिहिलंय."

ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच मी सावध झाले. ही गोष्ट फार सोयीची होती. तिच्यात तुम्ही चूक कबूल करत होतात, मी जीव लावत होते, आणि कुणाचंच फारसं वाईट झालं नव्हतं. महिन्याभरापूर्वी विधवा झालेल्या बाईला सांगायला याहून चांगली गोष्ट सापडणार नाही. आणि सुनंदा आपल्याच घरात वाढलेली.

"मग यायची का बंद झालीस?" मी विचारलं. "काकांवर राग नव्हता, तर का?"

"कामं असतात गं मावशी. कारखान्याच्या वेळा. मग घर, मुलं. राहून जातं."

गोड, बिनअपायाचं उत्तर. मला मोठी बाटली ओळखता यायला लागली होती.

"सुनंदा," मी म्हटलं, "कन्नडात सांग."

ती आणि मी जन्मभर मराठीत बोललो आहोत. तिने ताट बाजूला सारलं. मग माझ्याकडे बघितलं. दहाव्या दिवशी बघितलं नव्हतं, तसं.

"ननग काकान म्याल सिट्ट इरलिल्ल," ती म्हणाली. "निम्म म्याल इत्तु."

मला काकांचा राग नव्हता. तुमचा होता. हे 'तुमचा' म्हणजे माझा.

पुढचंही ती कन्नडातच बोलली, आवाज न चढवता. मराठीत ती मला तू म्हणते, कन्नडात तुम्ही म्हणाली, आणि त्या तुम्हीमुळे तिला बोलणं सोपं गेलं असावं. म्हणाली, "काकांच्या चिठ्ठीत मी होते. तुमच्या पत्रात तुमचं इंग्रजी होतं. चिठ्ठी फाडताना तुम्ही मला विचारलं नाही. आणि नंतर एवढी वर्षं माझ्या नावाने तुम्ही काकांशी भांडलात, अजित दर दिवाळीला सांगायचा. एकदा तरी मला विचारायचं, सुनंदा, काय झालं होतं? काकांनी सांगू नको म्हटलं होतं, तरी तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी वाट बघत होते."

मी चाळीस वर्षं मुलींना शिकवलं. वर्गात कुणी इतकं स्पष्ट उत्तर दिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"तप्पातु," मी म्हटलं. चुकलं. तेही कन्नडातच, कारण दुसऱ्या भाषेत म्हटलं असतं तर तिने ते का खरं मानावं?

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. मी उरलेल्या शेंगा सोलल्या. मग आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या डोळ्यांबद्दल, तिच्या मुलीच्या बंगळूरच्या नोकरीबद्दल बोललो, आणि ती मुलगी कुठल्याही पत्राशिवाय लागली, हे तिने मुद्दाम सांगितलं. रिक्षात बसताना तिने माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "मावशी, पुढच्या रविवारी येते मी. जेवायला."

हे ती मराठीत म्हणाली.

'इरली बिडु' तुम्ही कसे म्हणालात, ते मला अजून कळलेलं नाही. सुनंदाची गोष्ट खरी धरली, तरी त्या गाडीच्या दारात तुमच्या मनात कोण होतं, मी, ती की निवडणूक, हे तिच्यात नाही. मीरा आणि ईशान विचारतील की आजोबा चांगले होते का. मुलांना मी सांगेन की आजोबांनी पुष्कळ माणसांचं काम केलं आणि त्याहून जास्त माणसांना खूश करून परत पाठवलं, आणि दुसऱ्या कामात त्यांना आजीची मदत होती.

एक मात्र या आठवड्यात लक्षात आलं. मराठीत तुम्ही कुणाला कधी पत्र दिलं नाहीत. कन्नड-मराठीवरून भांडणाऱ्या या गावात ते शहाणपणाचं झालं नसतं. मराठी तुम्ही चपलांबरोबर दारात काढून ठेवत नव्हतात, उलट घरात आलात की अंगावर घेत होतात. नाडी जलद आहे, हे मराठीत. पिठलं कर, हे मराठीत. हेच पाठवायचं का, हेही. त्या भाषेतलं खरं कुठलं आणि नुसतं गोड कुठलं, याचा नियम तुम्ही हिरेमठांना सांगितला नव्हता. मी काल फोन करून विचारलं. आणि माझ्याशी तुम्ही चौपन्न वर्षं मराठीतच बोललात.

आज शनिवार. सुनंदाला फोन करून, नक्की येणार ना, असं विचारावं असं सकाळपासून तीनदा मनात आलं. विचारलेलं नाही. उद्या मी दोघींचा स्वयंपाक करणार आहे.